एक मिस्ड कॉल कळल्याचा, दोन न कळल्याचे

गेल्या महिन्यात कावेरीबाई बीडहून पाच दिवसांचं प्रशिक्षण करून परतल्या. सोमवारी सकाळी त्यांनी प्रमाणपत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "काका, सेवापुस्तकात नोंद करून टाका."

मी आमच्या विद्यालयाचा मुख्य लिपिक. बी. कॉम. झाल्यावर इथं लागलो आणि पुढच्या वर्षी इथूनच निवृत्त होईन. नोंदी करणं हेच माझं काम, म्हणून प्रमाणपत्र वाचलं. विषय होता 'फ्लिप्ड क्लासरूम आणि ब्लेंडेड लर्निंग'. मुलांनी धडा घरी मोबाईलवर किंवा संगणकावर पाहायचा-ऐकायचा, आणि वर्गात बाईंनी तो पुन्हा न सांगता मुलांकडून गणितं करून घ्यायची, अशी ती पद्धत.

"बाई, हे तर तुम्ही चार वर्षांपूर्वीच केलंय," मी म्हणालो. "तिथं सांगितलंत का?"

"कशाला सांगायचं? पुण्याहून आलेले सर इतकं छान समजावत होते. जेवणही चांगलं होतं." एवढं बोलून त्या तासाला निघून गेल्या.

नोंद केली. पण सेवापुस्तकात प्रशिक्षणाचा रकाना असतो, प्रशिक्षणाच्या आधी माणसानं स्वतःच्या डोक्यानं काय केलं याचा नसतो. ते मी इथं लिहून ठेवतो आहे.

कावेरी संगमेश होनराव, एम. एस्सी., बी. एड., विषय गणित. माहेर केज तालुक्यातलं युसूफ वडगाव. वडील मन्मथप्पा यांचं बाजारपेठेत किराणा दुकान होतं. ते स्वतः तिसरीपर्यंत शिकलेले. मुलगी शाळेतून आली की तिला दुकानात बसवायचे आणि पुड्या बांधता बांधता म्हणायचे, "आज काय शिकलीस ते मला सांग." ती सांगायची. मन्मथप्पा दोरा तोडून म्हणायचे, "न्हाई कळलं. पुन्यांदा सांग." तिसऱ्यांदा सांगताना तिच्याच लक्षात यायचं की आपल्यालाच ते नीट कळलेलं नाही. कावेरीबाई म्हणतात, "आप्पांना खरंच कळायचं नाही की ते नाटक करायचे, हे मला अजून ठाऊक नाही. पण मी गणित त्या गल्ल्यासमोर शिकले."

लग्न करून त्या आष्टीला आल्या. संगमेशरावांचं बसस्थानकासमोर कॅसेटचं दुकान होतं. पुढे कॅसेट गेल्या, सीडी आल्या, सीडी गेल्या, मोबाईल आले. दोन हजार आठ-नऊच्या सुमारास त्यांच्या दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असायची ती मेमरी कार्डात गाणी भरून घेणाऱ्यांची. ऊसतोडीला जाणारी माणसं निघायच्या आधी चार स्पीकरचा चायना मोबाईल घ्यायची आणि कार्ड काठोकाठ भरून न्यायची.

बाईंचं सगळंच चांगलं होतं असं नाही. टाचणवही त्यांनी कधी वेळेवर दिली नाही. अक्षर असं की रजेचा अर्ज मला त्यांनाच वाचायला लावावा लागे. रागही पटकन यायचा. पण वर्गातलं एखादं मूल मागं राहिलं की त्यांचं जेवणात लक्ष लागत नसे, हे त्यांच्या डब्यावरून आम्हाला कळायचं.

दोन हजार आठचा दसरा झाला आणि टोळ्या निघायची वेळ आली. दहावी अ च्या वर्गातून त्या वर्षी एकच मुलगी जाणार होती, रोहिणी. बाकीच्यांची कुणी आजीकडे, कुणी चुलत्याकडे सोय झाली होती. रोहिणीला आजी नव्हती आणि घरात तीन वर्षांचा भाऊ होता. आई छबुबाई आणि बाप राधाकिशन दोघांचा मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडायची एक जोडी. दोघं फडात गेले की भावाला सांभाळायला आणि भाकरी करायला कुणीतरी कोपीवर, म्हणजे टोळीच्या तळावरच्या झोपडीवर, हवं. बाईंनी "माझ्या घरी ठेवते" असं सांगून पाहिलं. राधाकिशन आमच्या कचेरीच्या दारातच उभा होता.

"बाई, तुमचं काळीज मोठं हाय. पण पोरगी तुमच्याकडं ठिवली तर तिकडं ल्योक कुणाकडं ठिवू? गेल्या साली शेजारच्या टोळीत एक लेकरू वैरणीच्या पेटत्या ढिगात गेलतं. म्या डोळ्यानं बघितलंय."

बाईंनी विचारलं, "परीक्षेला तरी पाठवाल?"

"तिला येत असंल तर पाठवीन. नुसतं नापास व्हायला कशाला पाठवू? नापास झाली की भावकी म्हणंल, आता उजवून टाक. मग मलाबी तोंड राहत न्हाई."

राधाकिशन दांडगाई करणारा नव्हता, म्हणूनच त्याचं म्हणणं जड गेलं. रोहिणीचं बाकी सगळं ठीक होतं. गणितात ती रडतखडत चालणारी होती, आणि गणितच असा विषय की सहा महिने बुडाला तर बुडाला.

मुख्याध्यापक शहादेव सरांनी हजेरीचा प्रश्न काढला. त्यात त्यांची काही चूक नव्हती, नियम नियमच होता. ते म्हणाले, "हजेरी माफीची शिफारस मी मंडळाकडे करू शकतो. पण कशाच्या आधारावर? जानेवारीत सराव परीक्षा आहे. त्यात ती गणितात पास झाली तर शिफारस करीन. नाहीतर यंदा तिचा फॉर्म मागं घ्यावा लागेल."

म्हणजे दीडशेपैकी त्रेपन्न गुण, तेही शाळेपासून दीडशे किलोमीटरवर, नगरच्या पलीकडे, उसाच्या फडाशेजारच्या कोपीत बसून.

आमच्या शाळेला सरकारी योजनेतून दहा संगणक मिळाले होते. त्यांवर कापडी झाकणं असायची आणि झाकणांवर धूळ, कारण दिवसातले बारा तास वीज नसायची. बाईंनी माझ्याकडून खोलीची किल्ली घेतली. दुपारी वीज आली की त्या खिडक्या लावून, पंखा बंद करून, माईकसमोर बसायच्या. घामानं चिंब होऊन बाहेर यायच्या. आठ दिवसांत त्यांनी बारा-बारा मिनिटांचे छत्तीस धडे बोलून ठेवले. त्यात शेळ्यांचं ओरडणं होतं, एस. टी.चा भोंगा होता, आणि बऱ्याच धड्यांच्या शेवटी आमच्या शिपायानं दिलेली घंटा होती.

त्यात एक अडचण आली. सुरुवातीच्या धड्यात बाई सवयीनं म्हणून गेल्या, "आता फळ्यावरची ही आकृती बघा." ऐकताना त्यांनी कपाळावर हात मारला. मोबाईलच्या आगपेटीएवढ्या काचेवर आकृती दाखवायची कशी? मग त्यांनी तो धडा पुसला आणि नव्यानं बोलल्या. "वहीचं कोरं पान घे. मधोमध आडवी रेघ ओढ, बोटभर लांबीची. डाव्या टोकाला ए लिही, उजव्या टोकाला बी. आता रेघेच्या वर, तुला वाटेल तिथं, एक टिंब दे. हो, वाटेल तिथं. मी सांगणार नाही कुठं." अशा त्या सगळी भूमिती तोंडानं काढत गेल्या.

संगमेशरावांनी ते धडे राधाकिशनच्या मोबाईलच्या कार्डात घातले. छबुबाईचा आग्रह होता म्हणून वीस गाणीही घातली. शेवटी बाईंनी रोहिणीला खूण सांगितली. "रोज संध्याकाळी मला मिस्ड कॉल दे. धडा कळला तर एक. नाही कळला तर दोन. दोन आले की मी फोन करीन." मिस्ड कॉलला खर्च नव्हता, आणि राधाकिशनला तो मुद्दा पटला.

टोळी गेली. पहिल्या संध्याकाळी एक मिस्ड कॉल आला. दुसऱ्या संध्याकाळी दोन. बाईंनी फोन लावला तर तिकडून नुसता वारा आणि ट्रॅक्टरचा आवाज. तिसऱ्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी दोन. दहा दिवस असंच चाललं. फोन लागला तरी रोहिणी म्हणायची, "बाई, पुन्हा ऐकते," आणि ठेवून द्यायची. बाईंचा डबा तसाच परत जाऊ लागला.

अकराव्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. "काका, पोरीला पहिला धडा कळतो आणि दुसरा कळत नाही. दुसरा तर पहिल्याहून सोपा आहे."

मी विचारलं, "दुसऱ्या धड्यात आहे काय?" तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रोहिणीच होती, आणि या वेळी आवाज स्वच्छ येत होता. बाईंनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"बाई, रागवू नका. तुमी म्हणता, मागच्या धड्यात स्पर्शिका बघितली तसं. मला स्पर्शिका आठवतच न्हाई. म्या चौदा येळा ऐकलं. माझंच ध्यान नसंल."

बाईंचा चेहरा उतरला. स्पर्शिका नवव्या धड्यात होती. म्हणजे पोरगी पहिल्यानंतर एकदम दहावा धडा ऐकत होती, आणि न शिकवलेलं आपण विसरलो असं समजून स्वतःला दोष देत होती.

मी लगेच संगमेशरावांच्या दुकानात गेलो आणि तसलाच मोबाईल उघडून यादी बघितली. एक, दहा, अकरा, बारा, असं एकोणीसपर्यंत, आणि मग दोन. त्याच्यानंतर वीस, एकवीस. यंत्र आकडे मोजत नव्हतं, नुसता पहिला अंक बघून रांग लावत होतं. आमच्या कचेरीत संगणक आला तेव्हा आवक-जावकच्या याद्यांनी मला असंच छळलं होतं. उपाय साधा होता. एकच्या आधी शून्य द्यायचं, शून्य-एक, शून्य-दोन.

"हात्तिच्या!" संगमेशराव म्हणाले. "गाण्याला कोण नंबर बघतो, काका? माझ्या जन्मात कुणी तक्रार केली न्हाई."

नवं कार्ड पोचवायला बाई स्वतः रविवारी गेल्या. एस. टी.नं नगर, तिथून दुसरी गाडी, मग तीन किलोमीटर चालत. त्या संध्याकाळी एक मिस्ड कॉल आला. मग रोज एक. मध्येच कधीतरी दोन, की बाई फोन करायच्या.

इकडे एक वेगळीच गोष्ट घडली. धडे तयारच होते, म्हणून बाईंनी ते आपल्या वर्गालाही दिले. त्रेचाळीस मुलांच्या घरी मिळून अकरा मोबाईल होते. बाईंनी गल्लीप्रमाणे गट पाडले. संध्याकाळी मुलं गटानं धडा ऐकायची आणि सकाळी वर्गात बाई एक अक्षर न शिकवता नुसती गणितं घालायच्या. मुलं दोघा-दोघांनी भांडत सोडवायची आणि बाई बाकांमधून फिरायच्या. कुणी विचारलं की म्हणायच्या, "मला नाही कळलं. पुन्हा सांग." मन्मथप्पांचीच रीत ती, फक्त दोऱ्याऐवजी हातात खडू. पोरांनी वर्गाला नाव ठेवलं, उलटी शाळा. घरी शिकायचं आणि शाळेत घरचा अभ्यास करायचा.

शहादेव सर ब तुकडीला भूमिती शिकवायचे. त्यांचा फळा बघण्यासारखा असे, रंगीत खडू, काटेकोर आकृत्या. एका दुपारी त्यांनी बाईंना माझ्यासमोरच विचारलं, "बाई, तुम्ही तासाला फळ्याला हात लावत नाही असं ऐकतो."

"लावते की सर. पुसायला."

सरांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. "पालक विचारतात, बाई शिकवत नाहीत तर करतात काय. आणि त्या रोहिणीचं. तुम्ही दर दुसऱ्या रविवारी तास घ्यायला जाता म्हणता. आमचे मुख्य लिपिक या वेळी बरोबर येतील. तास होतो की नाही ते बघतील आणि मला लिहून देतील. शिफारस करायची तर मला कागद हवा."

असा मी डिसेंबरात त्या तळावर गेलो. वीस-पंचवीस कोप्या, बांबूच्या चटया कमानीसारख्या वाकवून केलेल्या. दुपारची वेळ, गाड्या भरून गेलेल्या, माणसं भाकरीला परतलेली. मुकादम तात्याबा समोर आला.

"या मास्तर! आमची टोळी बिघडली बघा. दुसऱ्यांच्या टोळीत गाणी वाजत्यात, आमच्यात काटकोन. परवा ह्यो राधाकिशन मोळी बांधताना म्हणतोय, समांतर आवळ!"

"तूच म्हनला व्हतास बे, गाणी लई झाली, बाईचं लाव," राधाकिशन म्हणाला.

"म्या झोप यावी म्हणून म्हनलो. आली का झोप? उलट डोस्कं चालू झालं."

मोबाईल कोपीच्या मेढीला टांगलेला होता. सकाळी तो राधाकिशनच्या खिशात फडात जायचा आणि मोळ्या बांधताना वाजायचा. दुपारी कोपीवर यायचा, तेव्हा रोहिणी भाकरी थापता थापता ऐकायची. म्हणजे सगळा धडा घरातल्या सगळ्यांनी ऐकलेला.

मी हजेरीचा कागद काढून बसलो आणि तास सुरू व्हायची वाट बघू लागलो. बाई उसाच्या वाढ्यावर मांडी घालून बसल्या, भावाला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "हं रोहिणी, तेरावा धडा. मला नाही कळला. सांग."

रोहिणीनं पाट समोर घेतला, त्यावर वही. आकृती काढत, बोलत गेली. अडली की बाई तिच्याकडे बघत नव्हत्या, भावाच्या नाकाला बोट लावत होत्या. ती पुन्हा मागं जाऊन सुरू करायची. एकदा ती म्हणाली, "म्हणून हे दोन्ही त्रिकोण समरूप." तव्याकडून छबुबाईचा आवाज आला, "कावून? तू आजून दुसरा कोन सांगितलाच न्हाई."

रोहिणी वैतागली. "आई, तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला काय कळतंय? मी बी त्येच ऐकती न्हवं का? बाई दोन कोन म्हणतात. तू एकच सांगितलास."

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "दुसरा कोन कुठला मग, छबुबाई?"

"ते पोरीला इचारा. मी चिपाड लावती चुलीला."

मी तास मोजला. दोन तास दहा मिनिटं झाली आणि बाईंनी त्यात शिकवलेलं एकही वाक्य मला सापडलं नाही. कागदावर काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं, 'तास झाला. विद्यार्थिनीने शिकवले.' शहादेव सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि फाईलला लावला.

निघताना छबुबाईनं बाईंना अडवलं. हात पिठाचेच होते. "बाई, त्या वर्तुळाच्या धड्यात तुमी म्हणता, मधनं जाणारी रेघ, तिची दोन टोकं, आन वर्तुळावर कुठंबी टिंब दिलं तरी तितं काटकोनच हुतो. कुठंबी? ह्ये काय मला पटत न्हाई."

"मग बघा ना करून," बाई म्हणाल्या आणि चपला घातल्या.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "तिला सांगितलं का नाही? किती उत्सुक होती." बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सांगितलं असतं तर ती उत्सुकता तिथंच संपली असती, काका."

जानेवारीत सराव परीक्षा आली आणि नेमकी त्याच आठवड्यात टोळी पुढच्या गावाला हलणार होती. राधाकिशनचा फोन आला की जमत नाही. मुक्काम हलवताना लेकराला कोण बघणार. बाईंनी काही वाद घातला नाही. फोन ठेवल्यावर मात्र खोलीची किल्ली माझ्या टेबलावर आपटून गेल्या.

पुढचं मला नंतर रोहिणीनं सांगितलं. छबुबाई नवऱ्याशी दिवसभर बोलली नाही. मग शेजारच्या कोपीतली रतनबाई, जिचं वय साठ आणि जिला अक्षरओळखही नव्हती, ती उठून आली. "लेकराला मी घेती माझ्या गाडीत. पोरीला जाऊ द्या. तीन महिने ते वर्तुळ कानात घालून घेतलं, आता तिला किती येतंय ते मलाबी कळू दे की." तात्याबानं ट्रॅक्टरवाल्याला थांबवलं आणि रोहिणीला फाट्यावर सोडायला लावलं. राधाकिशन स्वतः एस. टी.पर्यंत गेला.

भूमितीच्या पेपरच्या दिवशी माझ्या हातून चूक झाली. शहादेव सरांनी प्रश्न लिहून आकृत्या वेगळ्या कागदांवर काढल्या होत्या आणि डिंकानं जागच्या जागी चिकटवल्या होत्या. झेरॉक्सला मी नेलं. वाटेत एक आकृती सुटून पडली आणि मला कळलं नाही. नव्वद प्रती निघाल्या, त्या प्रत्येकीवर चौथ्या प्रश्नापुढे रिकामी चौकट. घरून निघतो तेव्हा कडी लागली की नाही हे तीनदा बघणारा मी, आणि ही चूक माझी.

पेपर सुरू होऊन अर्धा तास झाल्यावर ब तुकडीतून गलका आला. "सर, आकृती नाही!" मुलांनी पेन खाली ठेवलेले. शहादेव सर माझ्याकडे एक नजर टाकून धावत गेले आणि फळ्यावर आकृती काढू लागले. मग आठवण झाली की शेजारी अ तुकडीही बसलीय. आम्ही दोघं तिकडे गेलो.

तिथं शांतता होती. आम्हाला वाटलं, त्यांच्या पेपरात आकृती आली असावी. सरांनी पहिल्या बाकावरचा पेपर उचलून बघितला. चौकट रिकामीच. पण मुलं प्रश्नातले शब्द वाचत होती आणि त्यावरून आकृती आपापल्या उत्तरपत्रिकेत काढत होती. कुणाची तिरकी, कुणाची लहान. काढलेली मात्र प्रत्येकाची. खिडकीजवळ रोहिणी ओठ हलवत होती. सर तिच्यामागे जाऊन उभे राहिले. ती पुटपुटत होती, "आडवी रेघ... डाव्या टोकाला ए..." बाईंचा सूर जसाच्या तसा.

सर बाहेर आले. व्हरांड्यात म्हणाले, "इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी आकृत्या काढतोय." एवढंच. ते चिडले होते की खूश होते, हे मी आजही सांगू शकत नाही. पण पुढच्या वर्षी ब तुकडीसाठी धडे बोलायला त्यांनीच किल्ली मागून घेतली.

रोहिणीला दोन्ही पेपर मिळून एकाहत्तर गुण पडले. बीजगणितात ती अजून अडखळत होती, पण त्रेपन्नाची रेघ ओलांडली होती. त्याच दिवशी शिफारसपत्र मी टाइप केलं, सरांनी सही केली. मार्चमध्ये ती बाईंच्या घरी राहून परीक्षेला बसली. भूमितीचा पेपर सुटल्यावर ती संगमेशरावांच्या दुकानात गेली आणि तिथून आईला मिस्ड कॉल दिला. एकच.

जूनमध्ये गुणपत्रिका आल्या. रोहिणी पास होती, गणितात एकोणनव्वद. मी तिची गुणपत्रिका वेगळी काढून ठेवली आणि बाईंना बोलावणं पाठवलं. पण बाई यायच्या आधी राधाकिशन आणि छबुबाई पोरीला घेऊन दारात उभे राहिले. राधाकिशन म्हणाला, "सायब, शाळा सोडल्याचा दाखला द्या."

माझं मन खट्टू झालं. पास झाल्यावर लगेच दाखला नेणारे मी पुष्कळ पाहिले होते. मुलीचं लग्न ठरलं की वय दाखवायला तो लागतो, तेही माहीत होतं. मी विचारलं, "कशाला पाहिजे?"

"कशाला म्हंजे? अकरावीला लागतो म्हणत्यात. शास्त्राला घालायचंय. न्हाई लागत का?"

"लागतो, लागतो," मी म्हणालो आणि दाखल्यांचं पुस्तक काढलं.

तोवर कावेरीबाई आल्या. त्यांनी रोहिणीच्या हातातली गुणपत्रिका बघितली, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाल्या, "बीजगणितात अजून आठ मिळायला हवे होते." पोरगी रडत हसली. राधाकिशननं पेढ्याचा पुडा पुढं केला. छबुबाईचं मात्र पेढ्यांकडे लक्ष नव्हतं. ती बाईंच्या पदराशी येऊन हळूच म्हणाली,

"बाई, बघितलं करून. गाडीच्या चाकावर. मधनं काठी धरली, दोन टोकांस्नी दोरी बांधली, आन चाकाच्या कडंला कुठंबी ताणली. पोरीच्या वहीचा कोपरा बरूबर बसतो. धाकल्या चाकावर बी बसतो. ट्रॅक्टरच्या बी चाकावर बघितलं. तात्याबा म्हनला, छबे, याड लागलं का."

"मग पटलं ना?"

"बसतो ते पटलं. पर कावून बसतो?"

रोहिणी पुढं झाली. "आई, मी सांगते, त्यात केंद्राला जोडायचं..."

"रोहिणी, गप्प," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या टेबलावरच्या डबीतला खडू घेतला आणि छबुबाईच्या हातात ठेवला. "व्हरांड्यातली फरशी मोकळी आहे. काढा वर्तुळ."

माझा दाखला लिहून झाला, शिक्का झाला, राधाकिशननं सही केली. तरी ते निघेनात, म्हणून मी बाहेर डोकावलो. छबुबाई फरशीवर उकिडवी बसून, पदर खोचून, वर्तुळात रेघ ओढत होती. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि पेढा खात होत्या.